पंक्तिप्रपंच नको म्हणून

— नाही हो अरफा मॅडम, वेगळं असं काहीच नव्हतं त्या वेळी. शीटवर आहे तेच. एकतीस नंबरचं औषध, वीस गिनीपिग औषधाचे, दहा तुलनेला, आणि तीसच्या तीस शून्य. मला चांगलं आठवतं — शेखर सर दिवा धरून उभे, मी एकेकाला उचलून त्याची भादरलेली कूस त्यांच्यापुढं धरतेय, सर म्हणतात शून्य, शेजारचे दुसरे सर म्हणतात शून्य. जराशी लाली असली की एक, ठळक असली की दोन, सुजून लाल झाली की तीन — एवढं मलाही कळायला लागलं होतं, दहावी पास असले तरी. कोणता औषधाचा नि कोणता तुलनेचा हे बघणाऱ्याला सांगत नाहीत, म्हणजे मन आधीच एका बाजूला झुकत नाही. चांगला नियम आहे तो. तर शून्य, शून्य, शून्य. सहा वर्षं झाली त्याला. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू — वाटलं, चला, या वेळची सुटली बिचारी.

बसा ना. तो स्टूल घ्या, कोरडा आहे. मी बाटल्या धुता धुता बोलते, चालेल ना? हात थांबले की माझं तोंडही थांबतं. आणि या मास्कमुळं तुमचे नुसते डोळे दिसतात, त्यामुळं रागावलात का नुसतं ऐकताय ते कळत नाही बघा. नाही, रागवायचं काय कारण म्हणा. तुम्ही फक्त विचारलंत — मावशी, एकतीस नंबरच्या वेळी तुम्ही होतात का, काही आठवतं का. होते ना. मी नाही तर कोण असणार, चौदा वर्षं झाली मला या जनावरांच्या खोल्यांत. मोठी माणसं येतात, दोन वर्षं राहतात, हैदराबादला नाहीतर बंगलोरला जातात. पिंजरे धुणारी तीच राहते.

तुमची उंदरांची पद्धत बरी आहे, मी बाकीच्यांनाही सांगते. कानामागं तीन दिवस थेंब, मग सहाव्या दिवशी मानेजवळची गाठ काढून मशीन सांगणार किती वाढली. महिना-सव्वा महिना खाज नाही, हजामत नाही, पट्ट्या नाहीत. जीव जातो तो जातोच, पण लवकर जातो, आणि जनावरंही कमी लागतात. शिवाय लाली बघायला माणसाचा डोळा नको. डोळा फसतो. गिनीपिगांचं कसं होतं — दर आठवड्याला एकदा पट्टी, असे तीन आठवडे. मग दोन आठवडे काहीच नाही, नुसतं खायचं, झोपायचं. मग एके दिवशी दुसऱ्या कुशीवर, जिथं आधी काहीच लावलेलं नाही तिथं, शेवटची पट्टी. त्या नव्या जागी लाली आली की समजायचं, अंगानं ओळखलं. शेखर सर म्हणायचे, बायडाबाई, हे औषध म्हणजे अनोळखी पाहुणा, पहिल्यांदा दारात आला तर कुणी काही म्हणत नाही, दुसऱ्या वेळी कुत्रं भुंकतं. मला ते पटायचं. आमच्या गल्लीत तसंच आहे.

तुम्ही जुन्या बारा औषधांची नव्या पद्धतीनं फेरतपासणी लावली, अकरा जुळली आणि हे एकच जुळेना — होय ना? गिनीपिग म्हणतात काही नाही, उंदीर म्हणतात आहे, चांगलंच आहे. मला कुणी सांगितलं नाही, पण तुमच्या खोलीबाहेरच्या बोर्डाखाली मी रोज पोतेरं मारते, वाचता येतं मला. परवा शेखर सर बोलत होते फोनवर, उंदराची पद्धत जरा जास्तच हळवी आहे, नुसत्या चुरचुरीलाही ॲलर्जी म्हणते, पुन्हा करा. आणि काल बोर्डावर लिहून आलं — एकतीस नंबर, पुन्हा, सोमवार, पंचवीस उंदीर. आधीचे पन्नास झाले. तुम्ही दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच आलं, आणि तरी आता पंचवीस अजून. मी ते वाचलं आणि बादली तिथंच ठेवून जिन्यावर बसले जरा.

नाही, तब्येत ठीक आहे माझी. सांगते. त्यात सांगण्यासारखं तसं — एक चौदा नंबर होता त्यात. चौदा नंबरचा गिनीपिग. सगळे पांढरेच असतात, लाल डोळ्यांचे, तुम्हाला वाटेल ओळखणार कसे, पण याचा डावा कान टोकाला जरा फाटलेला, आला तेव्हापासूनच. बाकीचे दार उघडलं की कोपऱ्यात ढीग करायचे एकमेकांवर, आणि हा पुढं यायचा. माझ्या हातमोज्याला नाक लावायचा. त्यांना संध्याकाळी चारला लसूणघास द्यायचा असतो, तुम्ही ती मंडळी बघितली नाहीत, तुम्ही आलात तेव्हा खोली बंद होत आली होती — पिशवी नुसती वाजली की तीसच्या तीस शिट्टी मारायचे. उंदीर बोलत नाहीत, पण हे बोलायचे. कॉरिडॉरच्या त्या टोकाला मी पिशवी उघडली की या टोकाला सुरू. हा चौदा नंबर सगळ्यांत आधी सुरू करायचा.

तर तिसरी पट्टी काढली आणि तो खाजवायला लागला. औषधाचे सगळेच लागले, पण हा जास्त. मागचा पाय वर घेऊन असं भराभरा, आणि मग चावायचा स्वतःला. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, लिहून ठेवलंय, होतं तेवढं. होतं तेवढं हे खरंच आहे, सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मॅडम, माझे हात तेव्हा असेच झाले होते. पिंजरे धुवायच्या पावडरीनं. बोटांच्या बेचक्यांत अशी खाज, की भाकरी थापताना रडू यायचं. आमच्या मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली होती, ती सगळ्या गल्लीत असते, घाम आला, नायटा झाला, डास चावला, तीच ट्यूब. लावली की घटकाभरात थंड. मी ती खोबरेल तेलात कालवून ठेवायचे, म्हणजे पुरते. माझ्या आईचं तेल आणि मेडिकलवाल्याची ट्यूब. कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून जवळ बाळगायचे, इथंही आणायचे. आणू नये, मला माहीत आहे. तेव्हा इथं कॅमेरे नव्हते.

एका संध्याकाळी जाता जाता मी बोटानं जराशी लावली त्याला. चौदा नंबरला. नुसती टिकलीएवढी. सकाळी आले तर झोपला होता स्वस्थ, कूस पांढरी. तेवढंच. बास. दुसरं काही केलं नाही.

...

असं बघू नका. बरं, सांगते.

मग दोन आठवडे विश्रांतीचे गेले. मग शेवटची पट्टी. सोमवार होता. दुपारी पट्ट्या काढल्या, कोमट पाण्यानं जागा पुसून घेतल्या, ते माझंच काम. सगळे गेले. मी चौदा नंबरला काढलं, डबी उघडली, लावलं. खाजवायला लागायच्या आधीच, म्हटलं, याला रात्र काढायची आहे. आणि लावून त्याला आत ठेवलं तर शेजारचा तेरा नंबर बघतोय. नुसता जाळीला नाक लावून. तुम्हाला हसू येईल, पण — पंगतीत आपल्याच पोराच्या पानात तूप वाढून पुढं गेलं तर कसं वाटतं बाईला? आमच्या आईनं एकदा माझ्या पाठीत धपाटा घातला होता, मी नऊ-दहा वर्षांची असेन, चुलत्याच्या लग्नात श्रीखंड वाढायला घेतलं आणि माझ्या मैत्रिणीला दोनदा वाढलं म्हणून. पंक्तिप्रपंच करू नये, म्हणाली, त्याचं पाप अन्नाला लागतं. ते माझ्या हाडात आहे. मग तेरा नंबरला लावलं. मग बाराला. तेल कमी पडायला लागलं तसं बोट फिरवून फिरवून पुरवलं, पण विसाव्यापर्यंत गेले. आणि तुलनेचे दहा? त्यांनी काय घोडं मारलं होतं. त्यांनाही लावलं. मंगळवारी दुपारी बघायच्या आधी सगळ्यांना ओल्या कापसानं पुसून स्वच्छ केलं. शून्य, शून्य, शून्य. त्या संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना लावलं, बुधवारी दुसऱ्यांदा बघायचं होतं म्हणून. पुन्हा शून्य.

एकट्या चौदा नंबरला लावलं असतं ना मॅडम, तर बाकीच्या एकोणिसांनी सांगितलं असतं. एवढंच हवं होतं. थोडा पंक्तिप्रपंच केला असता तर कागदावर खरं आलं असतं. माझ्या डोक्यात हे आता रोज फिरतं — मी त्या रात्री थोडी वाईट असते तर बरं झालं असतं.

लिहू नका अजून. लिहा, लिहा — पण आधी ऐका, कारण तुम्हाला वाटेल ही बाई भोळी, कळलं नाही हिला, जाऊ दे. तसं नाही.

स्नेहल, माझी मुलगी, वणीच्या रस्त्याला दिली आहे. द्राक्षांचं गाव. खंडेरावांचं घर, तिचे सासरे ते, तीन एकर बाग, माणसं चांगली. ऑक्टोबरची छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, कोंब फुटतात त्या जागांना, औषध लावतात तिकडं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. दोन दिवसांच्या आत लावायला लागतं, म्हणून पेठ तालुक्याकडच्या बायकांची टोळी येते आणि घरच्या बायकाही उतरतात. हातात प्लॅस्टिकचा मोजा, त्याच्यावर जुना पायमोजा, तो बादलीत बुडवायचा आणि काडीवरनं ओढत न्यायचा. औषधात लाल रंग घालतात, कुठली काडी झाली ते दिसावं म्हणून. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या छाटणीला मी गेले होते, तीन वर्षांमागं. बांधावर बादली ठेवलेली, झाकण उघडलं आणि वास आला. ओल्या गोणपाटाला रॉकेल लागल्यासारखा, आणि मागं जरासा गोडसर. मी लगेच ओळखला. आपल्याकडं नाव नसतं, नंबर असतो, पण नाकाला कुणी नंबर लावत नाही. पाच आठवडे माझ्या हातमोज्यांना तो वास होता. एकतीस नंबर.

आणि मला काय वाटलं असेल? भीती? नाही हो. मला अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या बागेत, एवढ्या बायका, आणि ज्या मालाचं काम चाललंय तो माझ्या हाताखालनं गेलाय. डब्यावर मराठीत छापलेलं, त्वचेला ॲलर्जी होत नाही. स्नेहल मोज्यांना वैतागली होती, ऊन, घाम, काडीच्या टोकाला लागून प्लॅस्टिक फाटतं, आत औषध शिरतं ते शिरतंच. तिनं मला विचारलं — आई, मोजे नाही घातले तर चालेल का गं? मॅडम, मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, काढून टाक. आमच्या लॅबमधनं पास झालंय ते, तिसांतल्या एकालाही काही झालं नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. टोळीतल्या बायका ऐकत होत्या. लॅबवाली बाई सांगतेय. सगळ्यांनी काढले. पायमोजे नुसत्या हातात धरून लावायला लागल्या, पटापट, दुपारपर्यंत अर्धी बाग झाली. खंडेराव म्हणाले, विहीणबाई, तुम्ही दरवर्षी या.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. तीच तर गोम आहे ना. पहिल्या वर्षी कुत्रं भुंकत नाही. दुसऱ्या वर्षी बोटांत खाज आली, पुरळ आलं, दिवाळीपर्यंत गेलं. तिच्या सासूनं हळद लावली. डॉक्टरनं विचारलं, काय काम करता, तर डबा नेऊन दाखवला, त्यांनी वाचलं, म्हणाले याच्यावर तर लिहिलंय होत नाही म्हणून, मग साबणाचं असेल, नाहीतर बांगड्यांचं. साबण बदलला. बांगड्या काढल्या — सवाष्ण बाईनं. तिसऱ्या वर्षी पुन्हा लावलं. का नाही लावणार, सगळे सांगताहेत त्यानं होत नाही, डबा सांगतो, आई सांगते. तेव्हा मात्र हात असे सुजले की मूठ मिटेना. डोळे बंद झाले. आता ती बागेत गेली नाही तरी चालतं, नुसते दुसऱ्याचे कपडे धुतले, नवऱ्यानं हात लावला, तरी उठतं. या वर्षीची छाटणी झाली ती घरात दार लावून बसली होती. पोरगी दोन वर्षांची आहे, सृष्टी नाव. तिला आंघोळ घालता येत नाही हिला. पोरीला आईच्या हाताची टरफलं टोचतात, ती हात ढकलते.

सासू काही दुष्ट नाही, पण तोंड आहे. म्हणाली मला, लय नाजूक हाय बाई तुमची पोर, आमच्यात कुनाला नाय झालं असं. मी ऐकून घेतलं. टोळीतल्या दोघी पेठच्या बायका या वर्षी आल्याच नाहीत. का आल्या नाहीत ते मी विचारलं नाही. विचारायचं असतं तर विचारता आलं असतं, मुकादम तिथंच उभा होता. मी चहा घेत बसले.

कळलं का नाही तोपर्यंत? तुम्ही तेच विचारणार. मी स्वतःला सांगायचे, नाही कळलं. मला वाटायचं, लाली गेली म्हणजे दुखणं गेलं, मी बरंच केलं होतं त्यांना. हे खरंही आहे आणि — अर्धं खरं आहे. कारण सासूनं डबा दाखवला होता ना डॉक्टरला, तेव्हा मी तिथं होते. डॉक्टरांनी डबा फिरवून वाचला. मला तेव्हा चौदा नंबर आठवला. बांगड्या काढायच्या आधी. मी तेव्हा बोलले असते तर तिसरी छाटणी तिनं केली नसती. एवढं सोपं आहे ते.

मग तुम्ही मागच्या शुक्रवारी सगळ्यांना बसवून शिकवलंत. फळ्यावर कातडी काढलीत, कातडीत पहारेकरी, ते औषधाचा तुकडा घेऊन गाठीत जातात, तिथं फौज तयार होते, आणि मग ती फौज विसरत नाही, जन्मभर विसरत नाही. लाली म्हणजे नुसती त्या फौजेची आरोळी, म्हणालात. मी मागनं हात वर केला. पोरं हसली, मावशीला प्रश्न पडला म्हणून. मी विचारलं, मॅडम, लालीवर मलम लावलं तर? तुम्ही म्हणालात, आरोळी दाबली जाईल, आठवण नाही. आणि मग तुम्ही माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत. बघितलंत ना? तो प्रश्न तुम्ही विसरला नाहीत. म्हणूनच आज आलात. मला वाटलंच, येतील. शनिवारी वाट बघितली. सोमवारपासून रोज बघितली.

नाही, पाणी नको. मी बाटल्याच धुतेय, पाण्याला काय तोटा.

दिवाळीला आणलं होतं तिला माहेरी. पहाटे पाटावर बसवलं, तेल लावायला. लहानपणी लावायचे तसंच, आधी टाळू, मग पाठ, मग हात. हातांशी आले आणि मी थांबले. वाटी माझ्या हातात, खोबरेल तेल, कोमट. ती म्हणाली, लाव ना आई, तुझ्या तेलानं बरं वाटतं. मॅडम, मी ते बोटावर घेतलं आणि मला शिट्टी ऐकू आली. अशी, पिशवी वाजल्यावर यायची तशी. आमच्या न्हाणीघरात. मी इकडं तिकडं बघितलं. स्नेहल म्हणाली, काय झालं गं? म्हटलं, काही नाही. आणि मग ती खाली मान घालून म्हणाली — आई, तुमच्याकडं तर कुणालाच झालं नव्हतं ना, तीसपैकी एकालाही नाही? मग माझ्यातच काहीतरी खोट असणार. सासूबाई म्हणतात ते खरंच असेल.

मी नुसतं तेल लावत राहिले. तिला वाटलं, आईलाही तसंच वाटतं.

आता लिहा. पुढं काय होईल मला माहीत आहे. शेखर सर मला बोलावतील. सहा वर्षं जुना कागद खोटा निघाला म्हणजे लॅबला काय काय लागेल ते तुम्हाला जास्त कळतं. डब्यावरची ओळ बदलायला लागेल. मला ठेवणार नाहीत, ठेवू पण नये. तेवढ्याची भीती नाही, आमचे हे ओझरच्या कँटीनला होते, ते वारल्यापासून मी माझ्यापुरतं कमावतेच आहे, पोळ्या लाटीन. माझा जीव दुसरीकडंच अडकलाय. डब्यावरची ओळ बदलली की खंडेराव विचारतील, का बदलली. आणि एकदा विचारलं की ते स्नेहलपर्यंत जाणार. तिच्यात खोट नाही हे तिला कळायला हवं, आणि ते कळलं की खोट कुणात होती तेही कळणार. एक कळून दुसरं कळणार नाही असं काही करता येत नाही. मी आठ दिवस तोच विचार केला, काही सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? तुम्ही तर हुशार आहात.

तुम्ही एक करू शकता — हे ऐकलंच नाही असं करू शकता. उंदीर हळवे आहेत असं लिहून टाका, सर खूश. मी म्हातारी होईन, तिचे हात तसेच राहतील, तिला वाटत राहील आपलीच कातडी वाईट. तुमच्या डोळ्यांत आत्ता ते आलं होतं, मला दिसलं. दया आली माझी. नको. दया मी पण केली होती.

पंचवीस उंदीर मागवल्याची चिठ्ठी रद्द करून घ्या आधी. ती आजच, पाचच्या आत, नाहीतर उद्या गाडी निघते त्यांची. मग माझं लिहा. बायडाबाई पुंजा गांगुर्डे. बायडामावशी लिहू नका, पूर्ण लिहा. तीस जनावरांना, दोन संध्याकाळी, सगळ्यांना सारखं. हो, ते पण लिहा, सगळ्यांना सारखं. आणि चौदा नंबरला त्याआधी एकदा. सही मी करते, अंगठा नाही. स्नेहलला तुम्ही नका सांगू. रविवारी वणीची एसटी आहे साडेसातची. तिला मी सांगीन. सासूच्या समोर सांगीन.

वाजले किती? चार? थांबा जरा. नाही, तुम्ही नाही, तुम्ही जा. मला तिकडच्या खोलीत जायचंय. रिकामी आहे ना, माहीत आहे मला, चार महिने झाले, पिंजरे मीच धुऊन पालथे घातले. तरी चारला मी जाते. ही पिशवी, लसूणघासाचीच आहे, जुनी, आत काही नाही. मी नुसती उभी राहते दारात आणि —

ऐका.

नाही आलं ऐकू?

बरं. जा आता, पोरी, चिठ्ठीचं बघ आधी. आणि दारांचं लक्षात आहे ना — आतलं नीट लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. ओढून घे. घट्ट. मी आतच आहे.